एआरआरटीचे चोवीस क्रेडिट पूर्ण झाले, तरी कॅलिफोर्नियाच्या नूतनीकरणाला ते का पुरत नाहीत?

फ्रेमाँटला राहणाऱ्या एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी पुण्यात क्ष-किरण तंत्रज्ञानाची पदविका घेतली, लग्नानंतर इकडे आल्यावर कम्युनिटी कॉलेजमधून अभ्यासक्रम नव्याने पूर्ण केला, आणि आता एका रुग्णालयात त्या रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करतात. त्यांचा जन्म मार्च महिन्यातला आहे. एआरआरटीच्या (अमेरिकन रजिस्ट्री ऑफ रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट्स या नोंदणी संस्थेच्या) दोन वर्षांच्या मुदतीत, म्हणजे १ मार्च २०२३ ते २८ फेब्रुवारी २०२५ या काळात, त्यांनी सातत्याच्या शिक्षणाचे चोवीस क्रेडिट पूर्ण केले आणि तिथले नूतनीकरण विनासायास झाले. राज्याचे प्रमाणपत्र आणि फ्लोरोस्कोपीचा (क्ष-किरणांनी शरीराच्या आतले हलते चित्र पाहण्याचा) परवाना मात्र ३१ ऑगस्ट २०२५ रोजी संपतो. तेच चोवीस क्रेडिट राज्याला चालतील का, गेल्या वर्षी घर बदलले त्याचे काय करायचे, आणि पुढच्या वर्षी यजमानांच्या बदलीमुळे डॅलसला जायचे ठरले तर कॅलिफोर्नियाचे प्रमाणपत्र ठेवायचे की सोडून द्यायचे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी सांगते, कारण त्यात वेळ महत्त्वाचा आहे. तुम्ही पाठवलेली यादी मी तारखांसह दोनदा तपासली. त्या चोवीसांपैकी राज्यासाठी धरता येतील असे क्रेडिट माझ्या हिशेबाने फक्त नऊ आहेत. उरलेले पंधरा तुम्हाला ३१ ऑगस्टपूर्वी मिळवावे लागतील, आणि त्यातले किमान दोन डिजिटल रेडिओग्राफीचे व चार फ्लोरोस्कोपीतील किरणसुरक्षेचे असावे लागतील. हे लिहिते आहे तेव्हा मे २०२५ चालू आहे, म्हणजे हाताशी तीन महिन्यांहून अधिक काळ आहे आणि काम होण्याजोगे आहे. मात्र ते या आठवड्यातच हाती घ्या.

हा घोटाळा बहुतेक सगळ्यांच्या बाबतीत एकाच समजुतीतून होतो. एआरआरटीचे कार्ड आणि राज्याचे प्रमाणपत्र या एकाच गोष्टीच्या दोन प्रती आहेत, असे आपण धरून चालतो. तसे नाही. एआरआरटी ही १९२२ साली स्थापन झालेली, मिनेसोटातून चालणारी खाजगी नोंदणी संस्था आहे. ती परीक्षा घेते, नोंद ठेवते आणि ही व्यक्ती या कामास पात्र आहे असे देशभर चालणारे प्रमाण देते. पण एखाद्या राज्याच्या हद्दीत माणसाच्या शरीरावर किरणे सोडण्याचा कायदेशीर अधिकार ती देऊ शकत नाही. तो अधिकार राज्याचा आहे. न्यूयॉर्कने १९६४ मध्ये, न्यू जर्सीने १९६८ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १९६९ मध्ये त्यासाठी कायदे केले. कॅलिफोर्नियात हे काम सार्वजनिक आरोग्य खात्याची सॅक्रामेंटो येथील रेडिओलॉजिक हेल्थ ब्रँच पाहते. बोलताना आपण ‘लायसन्स’ म्हणत असलो तरी कॅलिफोर्नियाच्या कायद्यातला शब्द ‘सर्टिफिकेट’ आहे, म्हणूनच आपल्या नावापुढे सीआरटी, म्हणजे सर्टिफाइड रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट, असे लागते. राज्य पहिल्यांदा प्रमाणपत्र देताना एआरआरटीच्या परीक्षेचा निकाल मानते, आणि तिथूनच दोन्ही एकच असल्याचा समज रुजतो. नूतनीकरणाच्या वेळी मात्र दोघांचे कॅलेंडर वेगळे असते आणि दोघांच्या अपेक्षाही वेगळ्या असतात.

आधी कॅलेंडर पाहू. एआरआरटीची दोन वर्षे तुमच्या जन्ममहिन्याच्या पहिल्या दिवशी सुरू होतात आणि दोन वर्षांनी, जन्ममहिन्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपतात. राज्याचा नियम असा आहे की चोवीस क्रेडिट प्रमाणपत्र संपण्याच्या तारखेच्या लगत आधीच्या दोन वर्षांत मिळवलेले असावेत. तुमच्या बाबतीत ती दोन वर्षे १ सप्टेंबर २०२३ पासून ३१ ऑगस्ट २०२५ पर्यंत धरायची. तुम्ही एप्रिल ते जुलै २०२३ मध्ये, नवी मुदत सुरू झाल्याच्या उत्साहात, एकदम नऊ क्रेडिट केले. एआरआरटीसाठी ते योग्यच होते. राज्याच्या दृष्टीने मात्र ते आधीच्या खेपेतले आहेत, त्यामुळे या अर्जात दाखवता येत नाहीत. कष्ट खरे, विषयही योग्य, आणि तरीही ते मोजायचे नाहीत, हे वाचून वाईट वाटेल याची मला कल्पना आहे.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. येत्या तीन महिन्यांत तुम्ही जे पंधरा क्रेडिट मिळवाल ते राज्याच्या चालू खेपेत मोजले जातील, आणि १ मार्च २०२५ ला सुरू झालेल्या एआरआरटीच्या नव्या दोन वर्षांतही मोजले जातील. म्हणजे तिकडे फेब्रुवारी २०२७ पर्यंत तुम्हाला केवळ नऊच करायचे उरतील. मात्र पुढच्या वेळी अशी ओढाताण होऊ नये म्हणून एक गोष्ट लिहून ठेवा. दोन्ही मुदती एकमेकींवर येतात तो काळ तुमच्या बाबतीत १ सप्टेंबर २०२५ ते २८ फेब्रुवारी २०२७ असा अठरा महिन्यांचा आहे. या अठरा महिन्यांत मिळवलेला प्रत्येक योग्य क्रेडिट दोन्हीकडे चालतो. मी गेली बावीस वर्षे या राज्यात काम करते आहे, आणि पहिली चुकलेली खेप वगळता माझे सगळे क्रेडिट मी या दुहेरी काळातच करते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या काळाच्या दोन्ही टोकांना लाल पेनाने खूण करून ठेवते. एआरआरटीमध्ये जास्तीचे क्रेडिट पुढच्या मुदतीत ओढता येत नाहीत, म्हणून ‘आत्ताच पन्नास करून टाकू’ हा विचारही उपयोगाचा नाही.

दुसरा फरक विषयाचा आहे, आणि अनुभवी माणसेसुद्धा तिथे चुकतात. तुमच्या यादीत जानेवारी २०२४ मधले सहा क्रेडिट एमआरआयचे आहेत. तारीख राज्याच्या मुदतीत बसते, एआरआरटीने ते मानले आहेत, प्रमाणपत्रे नीट आहेत, तरीही ते मी तुमच्या बेरजेत धरलेले नाहीत. कॅलिफोर्नियाच्या नियमात मान्य क्रेडिटची व्याख्या दोन अटींची आहे. ते एआरआरटी किंवा नियमात नमूद केलेल्या वैद्यकीय मंडळांपैकी एखाद्याने मानलेले असावे ही एक अट, आणि त्याचा विषय मानवी शरीरावर क्ष-किरणांच्या वापराशी संबंधित असावा ही दुसरी. एमआरआयमध्ये, म्हणजे चुंबकीय अनुनादात, क्ष-किरण नसतात, अल्ट्रासाऊंडमध्ये ध्वनिलहरी असतात. एआरआरटी या सगळ्या शाखांची मिळून नोंदणी करते, म्हणून तिचा पदर मोठा आहे. राज्याने मात्र तुम्हाला दिलेला अधिकार केवळ क्ष-किरणांचा आहे, म्हणून ते त्याच विषयातले शिक्षण विचारते. माझ्या मते ही अट रास्त आहे. दोन वर्षे केवळ एमआरआयचे पाठ वाचून कोणी फ्लोरोस्कोपीच्या टेबलापाशी उभे राहावे, हे टेबलावर झोपलेल्या रुग्णाच्या हिताचे नाही. जीवनरक्षक प्रशिक्षण, रुग्णालयातील आगप्रतिबंधक वर्ग किंवा व्यवस्थापनाचे पाठ यांनाही मी स्वतःच्या राज्याच्या बेरजेत कधी धरत नाही. ते शिकावेच, पण चोवीसांत मोजू नयेत. सीटीचे पाठ मात्र निःशंकपणे चालतात, कारण सीटी हे क्ष-किरणांचेच काम आहे. तुमच्या उरलेल्या नऊंपैकी तीन सीटीतील कॉन्ट्रास्टविषयीचे आहेत, दोन डिजिटल प्रतिमांच्या गुणवत्तेविषयीचे आणि चार लहान मुलांच्या छातीच्या चित्रणाविषयीचे. ते नऊही चांगले आहेत.

चोवीसांच्या आत राज्याने काही विषय नेमून दिले आहेत. डिजिटल रेडिओग्राफीचे चार क्रेडिट आणि फ्लोरोस्कोपीचा परवाना असेल तर तिच्या वैद्यकीय वापरातील किरणसुरक्षेचे चार, असे ते आहेत. पुष्कळ जण ही आणखी एक सरकारी पूर्तता समजून सगळ्यांत स्वस्त पाठ शोधतात. माझी कळकळीची विनंती आहे की तसे करू नका. याच आठ क्रेडिटांचा आपल्या रोजच्या कामाशी सर्वांत जवळचा संबंध आहे.

मी शिकले तेव्हा फिल्मचा काळ संपत आला होता. फिल्मवर एक्सपोजर जास्त झाले की चित्र काळे पडायचे, आणि लाइटबॉक्सवर लावताक्षणी चूक सगळ्यांना दिसायची. डिजिटल डिटेक्टर तसे करत नाही. दुप्पट किरणे गेली तरी संगणक चित्र सावरून घेतो, उलट ते अधिक स्वच्छ दिसते. किरणे कमी पडली तर मात्र चित्रावर वाळूसारखे दाणे दिसतात आणि रेडिओलॉजिस्ट तक्रार करतात. यातून काय घडते ते मी प्रत्येक विभागात पाहिले आहे. रात्रपाळीला पोर्टेबल मशीन घेऊन अतिदक्षता विभागात गेलेला तंत्रज्ञ तक्रार नको म्हणून एमएएस (किती किरणे सोडायची ते ठरवणारा आकडा) थोडा वाढवतो, दुसऱ्या दिवशी तोच आकडा कायम राहतो, पुढच्या महिन्यात तो आणखी थोडा चढतो, आणि रुग्णाला मिळणारी मात्रा कोणाच्याही लक्षात न येता वाढत जाते. ती ओळखण्याचे साधन चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते. डेव्हिएशन इंडेक्स शून्य असेल तर एक्सपोजर ठरवल्याप्रमाणे झाले, अधिक एक असेल तर सुमारे सव्वीस टक्के जास्त, अधिक तीन असेल तर दुप्पट, आणि उणे तीन असेल तर निम्मे. हा आकडा वाचायची सवय मला महाविद्यालयात लागली नाही. ती एका डिजिटल विषयाच्या क्रेडिटमुळे लागली. तो पाठ वाचल्यानंतरच्या सोमवारी मी माझ्याच मागच्या आठवड्याच्या छातीच्या चित्रांचे आकडे काढून पाहिले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त अधिक दोनच्या वर होते. ते सगळे रुग्ण मला आठवत होते.

फ्लोरोस्कोपीचेही तसेच आहे. कॅलिफोर्नियात तंत्रज्ञाला फ्लोरोस्कोपीचे यंत्र चालवायला, त्यासाठी रुग्णाला किंवा यंत्राला योग्य जागी आणायला, एक्सपोजरचे घटक निवडायलासुद्धा हा स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्रक्रियागृहात सी-आर्म (फ्लोरोस्कोपीचे हलवता येणारे यंत्र) घेऊन जाणाऱ्या प्रत्येकीने हे लक्षात ठेवावे. हिप फ्रॅक्चरच्या केसमध्ये सर्जन ‘आणखी एकदा, आणखी एकदा’ म्हणत असतात, आणि पेडलवर पाय त्यांचा असो की तुमचा, डिटेक्टर रुग्णाच्या जवळ आहे ना, ट्यूब टेबलाखाली आहे ना, पल्सचा वेग कमी करता येईल का, शेवटची स्थिर प्रतिमा पाहून काम भागेल का, हे पाहणारी त्या खोलीत बहुधा तुम्हीच एकटी असता. रुग्णापासून एका मीटरवरून दोन मीटरवर सरकलात तर तुमच्यापर्यंत पोहोचणारी विखुरलेली किरणे एक चतुर्थांश होतात. हे आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिले आहे, पण तिसऱ्या तासाला, शिशाचा एप्रन खांद्यावर ओढत असताना, ते आठवावे लागते. भारतातून शिकून आलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांच्या किरणमात्रेवर घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणमात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० आहे. इकडची कायदेशीर वार्षिक मर्यादा ५० आहे. इथला आकडा मोठा दिसतो म्हणून अंगावरच्या किरणमापक बॅजच्या अहवालाकडे दुर्लक्ष करू नका. मी आजही स्वतःला भारतातल्या आकड्यानेच मोजते.

नेमून दिलेल्या शिक्षणाला इतके महत्त्व का, याचे एक उदाहरण याच राज्यात सर्वांसमोर घडले आहे. २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या रक्तप्रवाहाच्या सीटी तपासणीत दोनशेहून अधिक रुग्णांना अपेक्षेच्या सुमारे आठपट मात्रा मिळाल्याचे उघड झाले. हा प्रकार जवळजवळ दीड वर्ष चालला होता. एका रुग्णाने केस गळल्याची तक्रार केली तेव्हा तो लक्षात आला. त्या काळात यंत्राच्या पडद्यावर मात्रेचा आकडा प्रत्येक वेळी येत होता. त्यानंतर राज्याने कायदा करून जुलै २०१२ पासून सीटीची मात्रा रुग्णाच्या नोंदीत लिहिणे बंधनकारक केले. पडद्यावरचा आकडा वाचणारे आणि त्याचा अर्थ कळणारे कोणी तिथे असावे, एवढ्यासाठीच आपल्याकडून दर दोन वर्षांनी हे शिक्षण मागितले जाते. नियमही बदलत असतात. रुग्णाच्या जननेंद्रियांवर शिशाचे आवरण ठेवणे हे मी शिकले तेव्हा न चुकता करायचे काम होते. २०१९ मध्ये वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेने आणि २०२१ मध्ये किरणसुरक्षेच्या राष्ट्रीय परिषदेने ओटीपोटाच्या चित्रणात ते सरसकट वापरू नये असे सांगितले, कारण आवरण चुकीच्या जागी सरकले तर हाडाचा भाग झाकला जातो आणि चित्रण पुन्हा करावे लागते, शिवाय किरणे आपोआप मोजून थांबवणाऱ्या मापकावर ते आले तर मात्रा उलट वाढते. चिंतेत असलेल्या आईला हे समजावून सांगायचे तर आधी आपल्याला ते नीट समजलेले हवे.

मॅमोग्राफीबद्दल, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण चित्रणाबद्दल, तुम्ही विचारलेले नाही, पण पुढे त्या शाखेत जाण्याचा विचार असल्याचे लिहिले आहे, म्हणून थोडक्यात सांगते. तिथे तिसरे कॅलेंडर सुरू होते. राज्य मॅमोग्राफीच्या प्रमाणपत्रासाठी चोवीसांपैकी दहा क्रेडिट त्या विषयाचे मागते. १९९२ च्या केंद्रीय कायद्याखालचे नियम छत्तीस महिन्यांत पंधरा आणि चोवीस महिन्यांत दोनशे तपासण्यांचा अनुभव मागतात. त्या शाखेत गेलात तर स्वतंत्र वही घाला.

आता उरलेल्या पंधरांची व्यवस्था. माझा सल्ला असा की आधी फ्लोरोस्कोपीचे चार करा, मग डिजिटलचे दोनऐवजी चार करा, कारण आधीच्या दोनपैकी एखाद्याच्या विषयाबद्दल शंका निघाली तर ती वाढ उपयोगी पडेल. राहिलेले सात सामान्य रेडिओग्राफी किंवा सीटीचे निवडा. पाठाच्या नावात ‘फ्लोरोस्कोपी’ आणि ‘रेडिएशन सेफ्टी’ किंवा ‘डिजिटल’ हे शब्द स्पष्ट असतील असेच पाठ घ्या. विषय तोच असूनही शीर्षक मोघम असले तर राज्य कागद तपासते त्या वेळी तुम्हाला तो सिद्ध करत बसावे लागते. अमेरिकन सोसायटी ऑफ रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट्सच्या तुम्ही सदस्य असाल तर त्यांच्या नियतकालिकातील वाचनपाठांचा लाभ घ्या. रविवारी सकाळी एक पाठ, असा वेग ठेवलात तर मुलांच्या शाळेला सुट्टी लागण्यापूर्वीच बरेचसे काम उरकेल.

एका गोष्टीबद्दल स्पष्टपणे लिहिणे मला भाग आहे. फोनवरच्या गटांमध्ये या पाठांच्या चाचण्यांची तयार उत्तरे फिरतात. कोणी तुम्हाला ती आपुलकीने पाठवीलही. ती उघडूसुद्धा नका. हा प्रामाणिकपणाचा भंग समजला जातो, त्यावर कारवाई होऊ शकते, आणि ज्या आठ क्रेडिटांचे महत्त्व मी वर सांगितले त्यातून तुमच्या हाती काहीच लागणार नाही. वेळ खरोखरच कमी पडत असेल तर मला कळवा, आपण एकत्र बसून वाचू, पण उत्तरे उतरवू नका.

प्रत्येक पाठाचे प्रमाणपत्र मिळाल्याबरोबर त्यावर तुमचे नाव, पाठाचे नाव, पूर्ण केल्याची तारीख, क्रेडिटांची संख्या आणि मान्यतेचा संदर्भ क्रमांक या पाच गोष्टी आहेत का ते पाहा. मी एक कागदी प्रत फाइलमध्ये लावते आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोन अक्षरे लिहिते: राज्यासाठी ‘रा’, एआरआरटीसाठी ‘ए’. दोन्हीकडे चालणाऱ्यावर दोन्ही. दोन वर्षांनी तपासणीचे पत्र आले तेव्हा मला काहीही शोधावे लागले नाही, फाइल उघडून ‘रा’ लिहिलेले कागद वेगळे काढले आणि पाठवून दिले. अर्जावर सही करणे म्हणजे सर्व माहिती खरी असल्याची ग्वाही देणे असते, म्हणून कागद हातात आल्याशिवाय तो क्रेडिट अर्जात लिहू नका, अगदी निकाल पडद्यावर दिसला असला तरीही.

पत्त्याचा प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटला असेल, पण माझी पहिली खेप त्यातूनच चुकली. सॅन होजेमधले भाड्याचे घर सोडून आम्ही नव्या घरी गेलो, टपाल कार्यालयात पत्ता बदलला, बँकेत बदलला, मुलाच्या शाळेत बदलला, आणि राज्याच्या खात्यात बदलायचा राहिला. नूतनीकरणाची आठवण जुन्या घरी गेली. तारीख मला कार्यस्थळी भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्राकडे सहज नजर गेली म्हणून कळली, आणि तेव्हा नऊ दिवस उरले होते. त्या नऊ दिवसांत मी सहा क्रेडिट पूर्ण केले, पण नवे प्रमाणपत्र वेळेत हाती आले नाही, आणि ते येईपर्यंत मला बिनपगारी रजेवर बसावे लागले. नियम असा आहे की नाव किंवा पत्ता बदलला तर तीस दिवसांच्या आत खात्याला कळवायचे. तुमचे ते तीस दिवस केव्हाच उलटले आहेत, तरी आजच कळवा. अर्जासोबत कळवू म्हणून थांबू नका. स्मरणपत्र आले नाही म्हणून मुदत वाढत नाही, ती लक्षात ठेवण्याची जबाबदारी आपली असते.

नावाबाबत आपल्याकडच्या स्त्रियांना एक जादा अडचण असते. पारपत्रावर लग्नापूर्वीचे आडनाव, मधले नाव कधी वडिलांचे तर कधी यजमानांचे, एआरआरटीकडे मधले अक्षर तेवढे, आणि राज्याकडे तिसरेच काही. तुमच्या यादीतल्या दोन प्रमाणपत्रांवर सासरचे आडनाव आहे आणि उरलेल्यांवर माहेरचे. पाठ देणाऱ्या संस्थेला लिहून ती दोन दुरुस्त करून घ्या, आणि यापुढे सर्वत्र राज्याच्या प्रमाणपत्रावर जसे आहे तसेच, अक्षर न् अक्षर, नाव लिहा.

पंधरा क्रेडिट पूर्ण झाले की अर्ज आणि त्या वेळी लागू असलेले शुल्क जुलै महिन्यातच पाठवा. आणि एवढे करूनही ३१ ऑगस्टपर्यंत नूतनीकरण झाले नाही, तर १ सप्टेंबरला यंत्राला हात लावू नका. आपल्या वरिष्ठांना आधी सांगा, नवे प्रमाणपत्र येईपर्यंत किरणांशिवायचे काम मिळते का विचारा, नाहीतर रजा घ्या. माझ्या एका सहकारी मैत्रिणीचे प्रमाणपत्र अकरा दिवस संपलेले होते आणि ते कोणाच्याच लक्षात आले नाही. बाराव्या दिवशी विभागप्रमुखांनी फाइल पाहिली तेव्हा तिने त्या अकरा दिवसांत केलेल्या प्रत्येक तपासणीची यादी काढावी लागली. आम्ही दोघी रात्री उशिरापर्यंत वर्कलिस्टचे छापील कागद घेऊन बसलो होतो, ती एकेका ओळीवर पट्टी ठेवून वाचत होती आणि मी लिहीत होते. छातीचे पोर्टेबल, मनगट, पुन्हा छातीचे पोर्टेबल. एकाही चित्रणात दोष नव्हता. तरीही त्या सर्व तपासण्या अधिकाराविना झाल्या होत्या, आणि त्याचा त्रास तिला पुढे पुष्कळ दिवस झाला. अशा प्रसंगी राज्याने काही कारवाई केली तर ती एआरआरटीलाही तीस दिवसांच्या आत, किंवा वार्षिक नूतनीकरण त्याआधी येत असेल तर त्या वेळी, कळवावी लागते (तिथे क्रेडिटांची मुदत दोन वर्षांची असली तरी नोंदणी दरवर्षी नूतन होते). मद्य पिऊन गाडी चालवल्याच्या गुन्ह्यासारख्या बाबीही तिथे कळवाव्या लागतात, साधा वेगमर्यादेचा दंड कळवावा लागत नाही. एआरआरटीचे क्रेडिट मुदतीत झाले नाहीत तर तिथे सहा महिन्यांची देखरेखीची मुदत मिळते, पण त्या सवलतीवरून राज्यही तसेच करील असा अंदाज बांधू नका.

राहिला डॅलसचा प्रश्न. कॅलिफोर्नियाचे प्रमाणपत्र टेक्ससमध्ये चालत नाही, तिथे टेक्सस मेडिकल बोर्डाच्या अखत्यारीतले वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागेल. त्याचीही दोन वर्षांची मुदत आणि चोवीस तासांचे शिक्षण असते, शिवाय थेट रुग्णसेवा करणाऱ्यांना मानवी तस्करी ओळखण्याविषयीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. प्रत्येक राज्याचे गणित निराळे आहे. फ्लोरिडा दोन वर्षांत बाराच तास मागते, आणि काही राज्यांत रेडिओग्राफरसाठी राज्याचा परवानाच नाही, तिथे मालक एआरआरटी पाहतात. म्हणून कुठेही गेलात तरी एआरआरटी कधीही खंडित होऊ देऊ नका. तुमची नोंदणी २०११ नंतरची असल्यामुळे दर दहा वर्षांनी येणारी पात्रतेची आत्मपरीक्षणात्मक चाचणीही तुम्हाला लागू आहे, तिचे पत्र आले की घाबरू नका, ती नापास करण्यासाठी घेतली जात नाही, कोणत्या विषयात शिक्षण घ्यावे हे त्यातून ठरते. कॅलिफोर्नियाचे प्रमाणपत्र मात्र या खेपेला नक्की नूतन करा. बदली अजून ठरलेली नाही, ती लांबू शकते, आणि मधल्या काळात तुमची नोकरी याच कागदावर उभी आहे. फ्लोरोस्कोपीचा परवानाही सोबतच ठेवा. सध्या महिन्याला दोन-तीनच केस सी-आर्मवर होतात म्हणून तो सोडून द्यावा असे तुम्ही लिहिले आहे, पण नव्या जागी अर्ज करताना शस्त्रक्रियागृहातला अनुभव पहिल्यांदा विचारला जातो, आणि एकदा सोडलेला परवाना परत मिळवण्याची खटपट चार क्रेडिटांपेक्षा कितीतरी मोठी आहे.

एवढे वाचून झाल्यावर तुमची यादी पुन्हा एकदा काढा. एमआरआयच्या सहा क्रेडिटांपैकी शेवटच्या पाठाचे शीर्षक तुम्ही अर्धेच लिहिले आहे, आणि त्यात सीटीशी तुलना असल्याचा उल्लेख दिसतो. त्या पाठाचे मूळ प्रमाणपत्र आणि विषयसूची मला पाठवा. त्यातला क्ष-किरणांचा भाग वेगळे क्रेडिट म्हणून दाखवलेला असेल तर तुमचे एक-दोन क्रेडिट वाचतील, नसेल तर आपण पंधरा धरूनच चालू.